'सह' नावाचा शब्द

परवा शनिवारी एका लग्नासाठी पुण्याहून नाशिकला निघालो होतो. गाडीत आम्ही चौघं, सगळे एकाच टीममधले. चाकण आलं गेलं, नारायणगावला मिसळ झाली, आळेफाटा मागे पडला, चंदनापुरीचा घाट उतरलो आणि संगमनेरच्या अलीकडे टोलनाक्यावर थांबलो. पुढे दोन ट्रक होते. मागे बसलेल्या आमच्या आर्किटेक्टनं (म्हणजे सॉफ्टवेअरवाला आर्किटेक्ट, घरं बांधणारा नव्हे) पाटी वाचली. "हिवरगाव पावसा. काय मस्त नाव आहे रे!"

मी संगमनेर तालुक्यातलाच. छाती फुगवून म्हणालो, "पवळाचं गाव आहे ते."

"कोण पवळा?"

आणि मी उत्तर दिलं, "अरे, पठ्ठे बापूरावांची पवळा!"

ट्रक पुढे सरकले, फास्टॅगचा आवाज झाला, दांडा वर गेला आणि आम्ही निघालो. पण माझं डोकं तिथेच अडकलं. कारण नारायणगावपासून घाट उतरेपर्यंत हाच आर्किटेक्ट आम्हाला इंग्लंडमधल्या पंक संगीतावर लेक्चर देत होता. जुन्या इंग्रजी बॅंड्सचा त्याला भारी नाद. टोया विलकॉक्स नावाच्या एका बाईंबद्दल तो भरभरून बोलत होता. पंकच्या ऐन भरात त्या पुढे आल्या. १९७८ साली डेरेक जार्मनच्या 'ज्युबिली' सिनेमात भूमिका, १९७९ मध्ये 'क्वाड्रोफेनिया', त्याच वर्षी जार्मनच्याच 'द टेंपेस्ट'मध्ये मिरांडा, म्हणजे थेट शेक्सपिअर. आणि १९८१ मध्ये गाणी इंग्लंडच्या यादीत वरच्या नंबरांवर. मग हेझल ओकॉनर. १९८० च्या 'ब्रेकिंग ग्लास'ची नायिकाही तीच आणि त्यातली गाणी लिहिणारी, म्हणणारीही तीच. या बाया रंगवलेले केस घेऊन स्टेजवर किंचाळायच्या, सभ्य लोक नाकं मुरडायचे, आणि तरीही त्यांची ओळख आज काय? गायिका आणि अभिनेत्री. दोन शब्द. दोन्ही त्यांचे स्वतःचे. त्यांच्या आयुष्यात पुरुष होते, नाही असं नाही, पण ओळख करून देताना कुणी त्या पुरुषाचं नाव आधी घेत नाही.

आणि मी, ज्याच्या तालुक्यात मराठी रंगभूमीवरची इतकी मोठी बाई जन्मली तो मी, तिची ओळख षष्ठी विभक्तीत करून दिली. बापूरावांची पवळा!

तर मंडळी, आजचा राग आधी स्वतःवरचा आहे. मग तुमच्यावर. क्रमाने घेऊ.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यापैकी बहुतेकांना शून्य माहिती असते (मलाही पंधरा वर्षांपूर्वी नव्हती, आणि मी तिथलाच!). पवळाबाईंचा जन्म १८७० चा, हिवरगाव पावसा इथला. जात महार. लहानपणी जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेल्या. मुरळी म्हणजे काय हे माहीत नसेल तर एवढं लक्षात घ्या, की पोरीला कुणी विचारलेलं नसतं. तिचं लग्न देवाशी लावून देतात, आणि पुढचं आयुष्य गाणं, नाचणं आणि लोकांची नजर. त्या काळी तमाशात बाया नव्हत्या. बायांची कामं पोरं करायची, 'नाच्या' म्हणत त्यांना. पायात चाळ बांधून, लुगडं नेसून पोरगाच गवळण व्हायचा. त्या बोर्डावर बाई म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या ज्या मोजक्या बाया, त्यांत सगळ्यांत मोठं नाव पवळाबाईंचं. पहिली तमाशा कलावती म्हणून त्यांचंच नाव घेतात. आधी हरिबाबा घोलपांचा फड, मग पठ्ठे बापूरावांचा. बापूरावांनी लिहिलेला 'मिठाराणी'चा वग आणि पवळाबाईंचं काम, या जोडीनं गावोगावी आणि मुंबईत धुमाकूळ घातला. १९३९ साली त्या गेल्या.

आता ही गोष्ट आपल्याकडे कशी सांगतात ते बघा. "रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्माने ब्राह्मण. त्यांनी तमाशासाठी, पवळेसाठी जात सोडली, घर सोडलं, अब्रू सोडली." पूर्ण वाक्याचा कर्ता कोण? बापूराव. सोडलं कुणी? बापूरावांनी. पवळा त्या वाक्यात चतुर्थीत येते, 'पवळेसाठी'. जणू काही ती एक डोंगर होती आणि हे चढले.

आणि एक बारीक गोष्ट बघा. आपण बापूरावांना 'ते' म्हणतो आणि पवळेला 'ती'. बापूराव 'गेले', पवळा 'गेली'. बापूराव वयानं पवळाबाईंपेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे (जन्म १८६६). बापूरावांना शाहीर म्हणून आदरार्थी बहुवचन, आणि जिच्या गळ्यावर आणि पायांवर त्या शाहिराचे वग तरले तिला एकवचन. मायेपोटी एकेरी म्हणतो, असं सांगू नका. लताबाईंवर आपली माया कमी आहे का? मायेनं 'लता' म्हणणारेही लिहिताना सांभाळून लिहितात. पवळेबाबत कुणी सांभाळत नाही, कारण ती बाई होती, महार होती आणि नाचत होती. तिन्हींपैकी एक जरी बदललं असतं तर व्याकरण सुधारलं असतं.

बापूरावांना मी कमी लेखत नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर फोन येतील. जात सोडणं त्या काळात खायचं काम नव्हतं. १९४५ साली ते गेले तेव्हा हलाखीतच गेले. माणूस थोर, लेखणी थोर. पण ज्यानं जात सोडली त्याचा त्याग आपल्याला दिसतो, आणि जिला जात सोडायची सोयच नव्हती तिचं काम दिसत नाही, हा काही बापूरावांचा दोष नाही. तो आपल्या सांगण्याचा दोष आहे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते. सहा वर्षांनी काही फुटलं तरी नाव निघतं. आणि दोघांनी मिळून काम केलं असेल तर खाली एक ओळ टाकतात, 'को-ऑथर्ड-बाय', म्हणजे सहलेखक अमुक. चांगली सोय आहे. पण प्रत्येक टीममध्ये एक जण असा असतो (बहुतेक वेळा एक जणी असते) जिनं सगळं लिहिलं आणि जिचं नाव कायम त्या खालच्या ओळीत. अप्रेझलच्या वेळी वरचं नाव वाचतात. खालची ओळ कुणी उघडत नाही.

मराठी तमाशात या ओळीला एक शब्द आहे. 'सह'.

संगमनेरला लहानाचा मोठा झालेल्या कुठल्याही माणसाला विचारा, 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ' ही अक्षरं त्याला तोंडपाठ असतात. भिंतींवर गेरूनं रंगवलेली, ट्रकच्या कपाळावर लिहिलेली, जत्रेतल्या कर्ण्यावरून ऐकलेली. त्याआधी होतं 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. आधी नवरा, मग मुलगा, आणि दोन्ही वेळा मधे 'सह'.

या 'सह'मागे कोण होतं ते बघू. पवळाबाई गेल्या १९३९ साली आणि कांताबाई जन्मल्या त्या १९३९ सालीच. (योगायोग आहे, पण मला आवडतो.) जन्म गुजरातेत, पंचमहाल भागात, कारण आईबाप पोटासाठी तिकडे गेलेले. मग कुटुंब साताऱ्याला आलं, म्हणून 'सातारकर'. लहान वयात मेळ्यात नाचू लागल्या, तिथून मुंबईचे तमाशे, तिथून तुकाराम खेडकरांचा फड. तुकाराम त्या काळातले नावाजलेले कलावंत. दोघांची जोडी जमली, संसार झाला. १९६४ साली तुकाराम गेले. पदरात लहान मुलं. ज्या फडाला यांनी घाम दिला त्या फडात यांना जागा राहिली नाही. बाहेर पडावं लागलं. दुसऱ्यांच्या फडात कामं केली, पोरं वाढवली, पैसा पैसा जोडला आणि काही वर्षांनी स्वतःचा फड काढला. संगमनेर हे ठाणं केलं.

मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. ढोलकीवाले, हलगीवाले, सुरते, सोंगाडे, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकेपर्यंत रोज नवं गाव. कलाकारांना हंगामाआधी उचल द्यायची, त्यासाठी मालकानं आधी कर्ज काढायचं. पाऊस पडला, गावात मयत झालं, भांडण झालं, की त्या दिवसाचा गल्ला बुडाला. पगार मात्र चालू. आपण ज्याला स्टार्टअप म्हणतो आणि ज्याच्यासाठी परिषदा भरवतो, ते या बाईंनी एकटीनं, विधवा, चार पोरांची जबाबदारी घेऊन केलं. तेही गुंतवणूकदाराऐवजी सावकार समोर असताना.

पण हे सगळं मालकिणीचं झालं. मला बोलायचंय अभिनेत्रीबद्दल.

कांताबाई गात होत्या, नाचत होत्या, आणि वगात पुरुषांची कामं करत होत्या. छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी केली, आणि ती गावोगाव गाजली. जरा थांबून विचार करा. ज्या बोर्डावर एके काळी पोरगा लुगडं नेसून बाई व्हायचा, त्याच बोर्डावर पन्नास-साठ वर्षांत बाई कमरेला तलवार लावून राजा झाली, आणि समोर बसलेल्या हजारो शेतकऱ्यांनी ते मान्य केलं. त्यातही शिवाजी महाराज! ज्यांच्या बाबतीत महाराष्ट्र एक अक्षर इकडचं तिकडे खपवून घेत नाही. असं काम प्रायोगिक रंगभूमीवर कुणी केलं असतं तर आपल्याकडे त्यावर तीन प्रबंध आले असते, दोन परिसंवाद झाले असते आणि 'लिंगभावाची मोडतोड' वगैरे शब्द चार दिवस हवेत उडाले असते. कांताबाईंनी ते कनातीत केलं, म्हणून ते 'तमाशातलं काम'.

मी लहानपणी एक वग पाहिलाय. कुणाच्या फडाचा ते नाही सांगत. तिसरी-चौथीत असेन. गावची जत्रा, आजोबांचा हात धरून गेलो. गण झाला, गवळण झाली, सोंगाड्यानं हसवून हसवून मारलं, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग सुरू झाला. गवळणीत जी बाई कृष्णाला चिडवत होती तीच आता फेटा बांधून राजा म्हणून आली. मी आजोबांना म्हणालो, "आजोबा, ही तर मघाची बाई!" आजोबा म्हणाले, "गप ऱ्हा लेका. आता ती राजा हाये." मी गप्प बसलो. पाच मिनिटांत ती खरंच राजा झाली. आजवर मी पुण्या-मुंबईत पुष्कळ नाटकं पाहिली, आठशे रुपयांचं तिकीट काढून पाहिली. नट बघता बघता दुसराच होतो याचा तो पहिला अनुभव होता, आणि नटाला प्रेक्षकानं कसं मानायचं असतं हे मला शिकवलं ते सही करण्यापुरतं शिकलेल्या एका म्हाताऱ्यानं.

पहाटे घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, कुठं होतात रात्रभर? मी म्हणालो, कीर्तनाला. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर विषय निघाला तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. "तमाशा? छे रे, आमच्याकडे कुणी बघत नाही तसलं." तसलं! तो शब्द मला आज खातो. आजोबा कधीच गेले, त्यांची माफी मागायची सोय राहिली नाही.

आता तुमच्यावरचा राग.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात (कंपनीचं नाव कशाला) 'ट्रॅडिशनल डे' होता. नऊवारी, नथ, फेटे, सेल्फी. आणि स्टेजवर लावणी. म्हणजे सिनेमातल्या लावणीचा ट्रॅक लावून आमच्याच टेस्टिंग टीमच्या मुलींनी बसवलेला नाच. मुली छान नाचल्या, त्यांना नावं ठेवत नाही. शिट्ट्या पडल्या, 'आपली संस्कृती' म्हणून फोटो चढले. त्याआधी मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, एखाद्या फडाच्या कलाकारांना बोलवू या का, रीतसर बिदागी देऊन? दोन मिनिटं शांतता. मग उत्तर आलं, "आपल्या ऑडियन्सला ते चालणार नाही." नाच चालतो, गाणं चालतं, पदर चालतो, ठसका चालतो. ज्यांचं आहे ती माणसं तेवढी चालत नाहीत.

हा खेळ जुना आहे. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला, हंसा वाडकरांनी तमासगिरीण रंगवली. १९७२ साली 'पिंजरा', संध्याबाईंनी रंगवली. दोन्ही उत्तम कामं. पण 'पिंजरा'मध्ये चेहरा आणि नाच संध्याबाईंचा, गळा उषा मंगेशकरांचा, आणि चूक झाली तर रीटेक. तमाशातली बाई हे सगळं एकटी करते, एका वेळी, डोक्यावर लोंबणाऱ्या माईकखाली, समोर प्यायलेली चार टाळकी आरडाओरड करत असताना. तरी सिनेमातली खोटी तमासगिरीण 'अभिनेत्री' ठरते आणि खरी तमासगिरीण 'नाचणारी'. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

विठाबाई नारायणगावकरांचं घ्या. त्यांचं नाव काढलं की शंभरातले नव्वद जण एकच गोष्ट सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्या, कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत येऊन नाचल्या. अंगावर काटा येतो, मान्य. पण त्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं ते काय बाळंत झाल्या म्हणून? त्या रात्री त्या काय गात होत्या, त्यांचा आवाज कसा लागायचा, वगातली कोणती कामं त्यांनी गाजवली, हे कुणी विचारत नाही. बाईचं शरीर आठवतं, बाईचं काम आठवत नाही. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरल्याचं आपण हळहळत सांगतो, आणि त्याच तोंडानं त्यांना 'सम्राज्ञी' म्हणतो. सम्राज्ञी म्हटलं की मानधन द्यावं लागत नाही, ही पदवीची मोठी सोय आहे.

आता तुमच्या मनात आलेल्या हरकती.

पहिली. "तमाशा अश्लील असतो." हे नवीन नाही. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदीच घातली होती, आणि तमासगिरांनी धडपड केल्यावर 'सुधारणा' करून परत परवानगी दिली. द्वयर्थी बोलतात, मान्य. पण आमचा आर्किटेक्ट ज्या पंकवर जीव टाकतो त्यातली निम्मी गाणी मी आईसमोर लावू शकत नाही. लंडनची शिवी म्हणजे व्यवस्थेविरुद्ध बंड, आणि संगमनेरची म्हणजे अश्लीलता? स्टॅंड-अपवाल्याच्या कमरेखालच्या विनोदाला आपण दीड हजार मोजतोच ना?

दुसरी हरकत खरी आहे, आणि ती मला टाळता येत नाही. "अरे, हे सगळं जातीनं लादलेलं. खालच्या जातींच्या बायांनी नाचायचं आणि वरच्यांनी बघायचं. त्याचं कौतुक कसलं करतोस?" पठ्ठे बापूरावांनी तमाशाचा पैसा चळवळीसाठी देऊ केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो नाकारला, आमच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, असा प्रसंग सांगितला जातो. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय (२०२२ मध्ये आलं), त्यात या जातीच्या, अश्लीलतेच्या आणि माणूसपणाच्या गुंत्याचाच शोध आहे. टोया आणि पवळाबाई यांच्यातला फरकही हाच. टोयानं बंड निवडलं, आणि कंटाळा आला असता तर घरी जायची सोय होती. पवळाबाईंना मुरळी केलं तेव्हा निवड नव्हती, आणि परतायला घरही नव्हतं. म्हणून 'तमाशा म्हणजे आपला पंक' असलं स्टेटस कुणी टाकू नका, ते चूक आहे.

पण माझं म्हणणं असं की बाबासाहेबांचा नकार आपल्या सोयीनं वापरू नका. त्यांनी पैसा नाकारला तो बायांच्या अब्रूसाठी. आपण बायांनाच नाकारतो, आणि त्यांचा नाच तेवढा ठेवून घेतो. बरोबर उलटं! अन्याय झाला हे मान्य करणं आणि त्या अन्यायात उभं राहून एखादीनं काय दर्जाचं काम केलं हे मान्य करणं, दोन्ही एकदम करता येतं. तिला नुसती बळी म्हटलं तरी तिचं काम पुसलं जातं आणि नुसती सम्राज्ञी म्हटलं तरी. मधला साधा शब्द आहे, 'अभिनेत्री'. तो वापरायला आपली जीभ का जड होते?

तिसरी. "हल्ली तमाशात राहिलंय काय, सिनेमाची गाणीच तर असतात." खरंय. वग आकसत चाललाय, कारण बारानंतर बसायला कुणी नाही आणि जत्रा कमिटीला डीजे हवा. पण वग बघणारे आजोबा गेले आणि त्यांचे नातू हिंजवडीत जाऊन 'तसलं' म्हणू लागले, मग फडमालकानं कुणासाठी वग ठेवायचा? मागणी आपण मारली. वर माल खराब म्हणून तक्रारही आपलीच.

२०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम कोरोनानं खाल्ले. जत्रा बंद, फड जागेवर, उचल अंगावर. कांताबाई २५ मे २०२१ रोजी संगमनेरला गेल्या, कोरोनानंच. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता, ते बरं झालं. बातमी मी फोनवर वाचली, बाल्कनीत उभं राहून. शीर्षकात होतं 'ज्येष्ठ तमाशा कलावंत'. शब्द आदराचा आहे, तक्रार नाही. पण सत्तरेक वर्षं बोर्डावर काढलेली, गायलेली, राजा झालेली, फड चालवलेली बाई, तिच्यासाठी 'अभिनेत्री' हा शब्द कुठे आढळला नाही. मी तेव्हा काही लिहिलं नाही. आळस म्हणा, नाहीतर ते जुनं 'तसलं' म्हणा.

असो. फार ताणत नाही. करायचं काय, तर तीन साध्या गोष्टी. एक, यांची नावं घेताना षष्ठी वापरू नका, आणि 'त्या' म्हणा. दोन, चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी सुपारी द्यायला येतात. एकदा जाऊन बघा, आणि जवळच्या जत्रेत तिकीट काढून वगापर्यंत बसा. दोन-तीनशे रुपयांचा मामला आहे, तुमची कॉफी त्याहून महाग. तीन, पुढच्या ट्रॅडिशनल डेला ट्रॅक लावण्याआधी फडाला फोन करा आणि डीजेला देता तेवढे तरी पैसे द्या.

रविवारी परत येताना पुन्हा तोच टोलनाका लागला. आर्किटेक्ट अर्धवट झोपेत होता. पाटी दिसल्यावर डोळे चोळत म्हणाला, "हां, ते पठ्ठे बापूरावांच्या..."

"पवळाबाई हिवरगावकर," मी म्हणालो. "गायिका आणि अभिनेत्री. त्यांचं गाव."

"आणि बापूराव?"

"ते त्यांच्यासाठी वग लिहायचे."

दांडा वर गेला. पुढे घाट होता, मी गिअर बदलला.